जुना यूएसबी पॅड पीसी गेममध्ये चालत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

लक्षणं

तुमच्या पॅडला, म्हणजे गेम खेळायच्या कंट्रोलरला, नेमकं काय होतंय ते आधी ठरवा. नुसतं ‘चालत नाही’ म्हटल्यावर पुढे काहीच सुचत नाही.

- पॅड लावला की विंडोज ‘टुंग’ करतं, दिवा लागतो, क्रिकेट ०७ सारखा जुना गेम व्यवस्थित चालतो. नवा गेम मात्र ‘कंट्रोलर जोडा’ म्हणत अडून बसतो.
- गेम पॅड ओळखतो, पण बटणांची सरमिसळ असते. उडी मारायला जावं तर गाडीतून उतरतो, ब्रेक दाबला की नकाशा उघडतो.
- कॅमेरा आपोआप गोल फिरतो, खेळाडू एकटाच पळत सुटतो, नाहीतर नजर आकाशाला चिकटून राहते.
- मेनूत एकदा खाली दाबलं की दोन ओळी खाली जातं.
- काल चालत होता, आज नाही. मधल्या वेळात कोणी काही केलेलं नाही (असं घरातली पोरं सांगतात).
- खेळता खेळता टुंग-टँग, टुंग-टँग असा जोडल्या-तुटल्याचा आवाज येत राहतो.
- सगळं चालतं, फक्त व्हायब्रेशन येत नाही.

पहिली चार लक्षणं बहुतेक वेळा सॉफ्टवेअरची. टुंग-टँग म्हणजे वायर किंवा पोर्ट, तिथे कितीही सॉफ्टवेअर टाका, वेळ वाया. ‘काल चालत होता’ हे दोन्हीकडचं असू शकतं. आणि व्हायब्रेशनच्या मागे लागू नका असं माझं आत्ताच सांगणं आहे, कारण पुढे येईल.

मी मुंबईत गिरगावात राहतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत कोणी ना कोणी पॅड हातात घेऊन दारात येतंच. ‘दादा, पॅड मेला.’ क्वचितच मेलेला असतो.

असं का होतं

विंडोजमध्ये पॅड वाचायच्या दोन पद्धती आहेत. जुनी डायरेक्टइनपुट. तिची शेवटची मोठी आवृत्ती, डायरेक्टइनपुट ८, साल २००० ची. दुसरी एक्सइनपुट, जी २००५ साली एक्सबॉक्स ३६० बरोबर आली. डायरेक्टइनपुटमध्ये पॅड फक्त आकडे सांगतो: बटण १ दाबलं, बटण ७ दाबलं, अक्ष ३ (स्टिकची एक दिशा) इतका सरकला. एका पॅडला १२८ बटणं आणि ८ अक्षांपर्यंत मुभा. पण बटण ७ म्हणजे ट्रिगर की सिलेक्ट, हे ज्याचं त्याने ठरवायचं. एक्सइनपुटमध्ये सगळं आधीच ठरलेलं असतं: ए, बी, एक्स, वाय, खांद्यावरचे दोन बंपर आणि त्यांच्याखालचे दोन ट्रिगर, दोन स्टिक, डी-पॅड (चार दिशांचं बटण), आणि एका वेळी जास्तीत जास्त चार पॅड. गेम लिहिणाऱ्याला हे सोपं पडतं, म्हणून नंतरच्या बऱ्याच गेमनी जुन्या पद्धतीकडे बघणंच सोडून दिलं.

तुमचा पॅड जुन्या भाषेत व्यवस्थित बोलतोय आणि गेमला ती भाषा येत नाही, एवढंच घडलेलं असतं. मध्ये बसवायचा तो दुभाष्या म्हणजे इम्युलेटर: गेम विकणाऱ्या आणि चालवणाऱ्या स्टीम या सॉफ्टवेअरमधलं स्टीम इनपुट, एक्स३६०सीई वगैरे. आणि मी निस्तरलेल्या बहुतेक गोंधळांचं मूळ एकच. पहिला दुभाष्या चालला नाही म्हणून दुसरा टाकला, त्यावर तिसरा, आणि आधीचा काढलाच नाही. मग तिघं एकदम बोलतात. एका वेळी एकच, ही गोष्ट पक्की डोक्यात ठेवा आणि पुढे चला.

१. पोर्ट आणि वायर

फुकटची तपासणी आहे, म्हणून पहिली. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पॅनेलचं पोर्ट सोडा आणि मागे, थेट मदरबोर्डच्या पोर्टला पॅड लावा. पुढचे पोर्ट आतल्या एका बारीक वायरने जोडलेले असतात आणि असेंबल केलेल्या पीसीत ती वायर अर्धवट बसलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. हब असेल तर काढा. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतं, पण स्वतःचा अॅडॉप्टर नसलेल्या हबच्या प्रत्येक तोंडाला १०० च वाट्याला येतात. साध्या पॅडला तेवढे पुरतात, व्हायब्रेशनच्या मोटारी फिरल्या की पुरत नाहीत. गाडी भिंतीवर आपटली की नेमका तेव्हाच पॅड तुटतो, त्याचं कारण हे.

वायर बघायची जागा एकच: पॅडमधून बाहेर येते तिथली पहिली दोन-तीन बोटं. पोरं पॅडभोवती वायर घट्ट गुंडाळून कपाटात टाकतात आणि आतली तार तिथेच तुटते. पॅड टेबलावर ठेवून ती जागा हळूच वाकवा. टुंग-टँग झालं तर निदान झालं. थेट शेवटच्या भागाकडे जा.

एक चालणारं पोर्ट सापडलं की पॅड कायम त्यालाच लावा. स्वस्त पॅडना स्वतःचा सिरियल नंबर नसतो, म्हणून पोर्ट बदललं की विंडोज त्याला नवा पाहुणा समजतं आणि इम्युलेटरमध्ये मेहनतीने केलेली बटणांची जुळणी कधी कधी हरवते. ‘काल चालत होता’ या तक्रारीमागे बऱ्याचदा कोणीतरी झाडताना काढलेला आणि शेजारच्या भोकात लावलेला पॅड असतो.

२. पॅडवरचं छोटं बटण

प्लेस्टेशन २ च्या धाटणीच्या पॅडवर, दोन स्टिकच्या मधोमध, ‘अॅनालॉग’ किंवा ‘मोड’ लिहिलेलं एक चपटं बटण असतं आणि त्याच्यावर तांदळाच्या दाण्याएवढा लाल दिवा. दिवा बंद असेल तर डावी स्टिक डी-पॅडसारखी वागते, म्हणजे एकतर पूर्ण डावीकडे नाहीतर काहीच नाही. काही पॅडवर उजवी स्टिक तर चार बटणांची नक्कल करायला लागते. दिवा लावा आणि पुन्हा बघा.

लॉजिटेकचा एफ३१० असेल तर उलटा करा, खाली एक्स आणि डी अशी सरकपट्टी आहे. ती ‘एक्स’वर नेली की पॅड स्वतःच एक्सइनपुट बोलतो आणि इथून पुढचं काही वाचायची गरज उरत नाही. त्याच्याच पुढच्या बाजूला ‘मोड’ बटण आहे, त्याचा हिरवा दिवा लागला असेल तर डावी स्टिक आणि डी-पॅड यांची अदलाबदल झालेली असते. तो बंद करा. बाकी कंपन्यांच्या बऱ्याच पॅडवर मधलं होम बटण काही सेकंद दाबून धरलं की मोड बदलतो आणि दिव्यांची मांडणी बदलते. हे अगदीच किरकोळ वाटेल, पण निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

३. विंडोजला काय दिसतंय

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, रनच्या चौकटीत जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) असं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहा आणि एंटर. विंडोज ११ मध्येही ही जुनी खिडकी आहे. इथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, नाव. ‘कंट्रोलर’ हा शब्द आणि पुढे कंसात पॅडचं नाव असेल तर पॅड एक्सइनपुटवर आहे; तरीही गेम घेत नसेल तर दोष गेमच्या सेटिंगमध्ये शोधा. ‘जेनेरिक यूएसबी जॉयस्टिक’, ‘ट्विन यूएसबी’ असलं काही असेल तर तो जुन्या पद्धतीचा. उदाहरणार्थ, तोच एफ३१० ‘डी’वर ठेवला की इथे ‘लॉजिटेक ड्युअल अॅक्शन’ असं दुसरंच नाव दाखवतो.

दुसरी, किती नावं दिसतात. प्लेस्टेशन २ चे दोन पॅड लावायचा अॅडॉप्टर असेल तर एकच पॅड लावूनही दोन नावं येतात. पॅड दुसऱ्या तोंडात असेल तर गेम त्याला दुसरा खेळाडू मानतो आणि एकट्याने खेळताना ढुंकूनही बघत नाही. पहिल्या तोंडात लावा, एवढाच इलाज. एकच साधा पॅड आणि तरी दोन नावं, त्यातलं एक एक्सबॉक्स ३६० चं, असं असेल तर आधीच कोणीतरी इम्युलेटर टाकून ठेवलाय. कोणी टाकला ते घरात विचारा.

तिसरी, ‘प्रॉपर्टीज’मधली टेस्ट. चौकोनातली अधिकची खूण हात न लावता मधोमध स्थिर हवी. प्रत्येक बटण दाबा आणि कोणता आकडा पेटतो ते कागदावर लिहून घ्या: खरंच कागदावर, पुढे लागणार आहे. खूण मधोमध नसेल तर शेजारच्या टॅबमध्ये कॅलिब्रेशन करा. खूण थरथरत असेल, एका बाजूला उडी मारून परत येत असेल तर ते कॅलिब्रेशनने जाणार नाही, आतला भाग झिजला आहे.

या खिडकीत जे बटण पेटतच नाही ते कुठलाही इम्युलेटर पेटवू शकत नाही. आधी इथे पास, मग पुढे.

ज्यांच्याकडे १५ पिनांचा जुना जॉयस्टिक माळ्यावर आहे त्यांच्यासाठी: व्हिस्टापासून विंडोजने गेमपोर्टचा आधार काढून टाकला. यूएसबी अॅडॉप्टर घ्या किंवा माळ्यावर राहू द्या.

४. गेमची स्वतःची सेटिंग

पॅड लावून मग गेम सुरू करा, उलट नको. पुष्कळ गेम सुरू होतानाच एकदा पॅड मोजतात आणि नंतर बघत नाहीत. सेटिंगमध्ये ‘गेमपॅड’ किंवा ‘कंट्रोलर’ बंद नाही ना ते पाहा. जुन्या गेममध्ये तिथेच बटणं नेमता येतात आणि इम्युलेटर लागतच नाही.

५. स्टीम, कारण ते एका क्लिकवर काढता येतं

इम्युलेटरची पाळी आली की मी आधी स्टीम वापरतो. वेगळं ड्रायव्हर टाकायला लागत नाही, गेमच्या फोल्डरला हात लागत नाही, आणि नको असेल तर बंद करून मोकळे. २०१७ पासून स्टीम साध्या यूएसबी पॅडलाही एक्सबॉक्सच्या पॅडचं सोंग देतं.

स्टीमच्या सेटिंग्जमध्ये ‘कंट्रोलर’ उघडा, जेनेरिक कंट्रोलरसाठीचं स्टीम इनपुट चालू करा आणि पॅडची बटणं एकेक करून ओळख करून द्या. मग गेमवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘कंट्रोलर’, आणि तिथेही स्टीम इनपुट चालू. गेम स्टीमवरून घेतलेला नसला तरी लायब्ररीत बाहेरचा गेम म्हणून जोडता येतो. पण मग तो दरवेळी स्टीममधूनच सुरू करायचा, डेस्कटॉपवरच्या चिन्हावरून नाही. इथेच बरेच जण चुकतात आणि ‘स्टीमने पण होत नाही’ म्हणतात.

स्टीमने काम झालं तर थांबा. ‘अजून चांगलं’ म्हणून एक्स३६०सीई टाकू नका.

६. एक्स३६०सीई

स्टीम नको असेल किंवा तिथे जमत नसेल तर हे. नावातच आहे, एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर इम्युलेटर. त्याच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. व्हिडिओच्या खाली दिलेल्या लिंकवरची ‘फुल सेटअप’ झिप घेऊ नका. त्यात एक्सइनपुटच्या नावाखाली काय भरलंय ते कोणी बघितलेलं नसतं.

याच्या दोन पिढ्या आहेत आणि त्यांची कामाची रीत अगदी वेगळी आहे. एकीची माहिती वाचून दुसरीवर प्रयोग केला की दिवस जातो.

आवृत्ती ३ गेमच्या एक्झी फाइलशेजारी (जिच्यामुळे गेम सुरू होतो ती फाइल) ठेवायची. ती तिथे एक्सइनपुटच्या नावाची स्वतःची डीएलएल (गेम सुरू होताना वाचतो ती मदतनीस फाइल) तयार करते आणि गेम विंडोजची खरी फाइल सोडून शेजारची उचलतो. म्हणून फोल्डर बरोबर हवं: शॉर्टकटचं नाही, खरी एक्झी आहे तिथलं. मोठ्या गेममध्ये ती ‘बिन’ किंवा ‘विन६४’ अशा आतल्या फोल्डरात लपलेली असते. दुसरं, ३२ बिट गेमला ३२ ची डीएलएल, ६४ ला ६४ ची. चुकलं तर एकतर काहीच होत नाही, नाहीतर गेम सुरू होतानाच शेवटी ‘७बी’ असलेला लांबलचक एरर नंबर दाखवून बंद पडतो. गेम ३२ बिटचा की ६४ चा ते ओळखायला टास्क मॅनेजरमध्ये ‘डीटेल्स’, वरच्या शीर्षकांवर राइट क्लिक, ‘सिलेक्ट कॉलम्स’, ‘प्लॅटफॉर्म’. फोल्डरच्या नावावरून अंदाज बांधू नका. प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६ मध्ये ६४ बिटचे गेमही सुखाने नांदतात.

तिसरं, फाइलचं नाव. कुठला गेम एक्सइनपुट १_३ शोधतो, कुठला १_४, कुठला ९_१_०. १_४ विंडोज ८ पासून विंडोजबरोबरच येते, १_३ डायरेक्टएक्सच्या जून २०१० च्या पॅकबरोबर. गेम डीएलएल घेत नसेल तर तिची प्रत करून दुसरं नाव देऊन बघा. तो जून २०१० चा पॅक मायक्रोसॉफ्टकडून एकदा टाकून घ्या. नव्या विंडोजमध्येही हा जुना भाग वेगळा टाकावा लागतो आणि त्याच्यावाचून कितीतरी जुने गेम अडतात.

आवृत्ती ४ फोल्डरात ठेवायची नाही. ती व्हायजेमबस नावाच्या ड्रायव्हरच्या आधाराने विंडोजलाच एक खोटा एक्सबॉक्स पॅड जोडलेला दाखवते. हा प्रोग्रॅम खेळताना चालूच ठेवावा लागतो, मिनिमाइझ करून. बंद केला की पॅड गेला. पॅड नुसता ओळखलाच जात नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘सिस्टिम डिव्हाइसेस’खाली नेफेरियसचा व्हर्च्युअल गेमपॅड बस दिसतो का पाहा, नसेल तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. व्हायजेमबसचं काम २०२३ मध्ये त्याच्या कर्त्याने थांबवलं, पण शेवटची आवृत्ती विंडोज १० आणि ११ वर चालते. नवी येईल म्हणून थांबू नका आणि ‘नवी’ म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका.

आता जुळणी. मघाचा कागद काढा. एक्सबॉक्सच्या पॅडवर ए खाली, बी उजवीकडे, एक्स डावीकडे, वाय वर. आपल्याकडच्या साध्या पॅडवर १ वर असतं, २ उजवीकडे, ३ खाली, ४ डावीकडे. म्हणून १ ला ए नेमलं की उडीचं बटण अंगठ्याच्या विरुद्ध टोकाला जातं. ए ला ३, बी ला २, एक्स ला ४, वाय ला १, हे जागेवरून नेमा, आकड्यावरून नाही. खांद्यावरच्या बटणांत तर पॅडप्रमाणे फरक: कुठे वरची दोन ५ आणि ६, खालची ७ आणि ८, तर ट्विन अॅडॉप्टरवर अगदी उलटं. कागद सांगेल ते खरं.

उजव्या स्टिकमुळे ‘आकाशाकडे बघत राहणं’ होतं. तिचे अक्ष सहसा ३ आणि ६ वर असतात, पण आपोआप जुळणीत ४ आणि ५ बसतात, जिथे या पॅडवर काहीच नसतं. न हलणारा अक्ष एका टोकाला अडकलेला वाचला जातो आणि कॅमेरा वर बघत बसतो. अक्ष हाताने बदला; वर-खाली उलटं असेल तर तोच अक्ष उलटा निवडा.

गाड्यांचे गेम खेळणाऱ्यांसाठी थोडं जास्त, कारण हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. एक्सबॉक्सचा ट्रिगर ० ते २५५ अशी किंमत देतो, म्हणजे अर्धा दाबला तर अर्धा अॅक्सिलरेटर. आपल्या जुन्या पॅडवर तिथे साधं बटण: शून्य नाहीतर २५५. पावसाळी ट्रॅकवर पहिल्याच वळणाला गाडी गोल फिरते ती यामुळे, तुमचा हात वाईट नाही. यावर उपाय म्हणजे ट्रिगरला बटण न देता उजव्या स्टिकचा अर्धा अक्ष द्या: वर ढकललं की अॅक्सिलरेटर, खाली ओढलं की ब्रेक. एक्स३६०सीईमध्ये अर्धा अक्ष निवडायची सोय आहे. कॅमेरा फिरवायचा हात जातो, पण गाडी हाकताना तो कोणाला हवा असतो? एकदा अंगवळणी पडलं की डीलक्स पॅडवाल्या मित्राच्या तोंडचं पाणी पळतं.

ऑनलाइन, चीट पकडणारी यंत्रणा असलेल्या गेमच्या फोल्डरात आवृत्ती ३ ची डीएलएल ठेवू नका. त्या यंत्रणेला गेमच्या घरात शिरलेली परकी फाइल दिसते; ती पॅडसाठी आहे हे तिला कळत नाही. अकाउंट गेलं तर ते परत मिळवून देणारा माझ्या ओळखीत कोणी नाही.

‘काल चालत होता’ वाल्यांनी इथे दोन जागा बघाव्यात. अँटीव्हायरसने डीएलएल उचलून बाजूला ठेवली का (विंडोज सिक्युरिटीच्या प्रोटेक्शन हिस्टरीत दिसतं), आणि गेमच्या अपडेटने एक्झी दुसऱ्या फोल्डरात गेली का.

७. एकाच दाबात दोन

मेनूत दोन ओळी उड्या मारत असेल तर गेमला एकाच वेळी खरा पॅड आणि खोटा पॅड असे दोन्ही दिसतायत. आधी फुकटचा उपाय: स्टीम इनपुट आणि एक्स३६०सीई दोन्ही चालू असतील तर एक बंद करा. सॉफ्टवेअर खिडकी बंद केली म्हणजे गेलं असं नाही, घड्याळाशेजारच्या बाणाखाली बघा.

एकच आहे आणि तरी होतंय? मग हायडहाइड. हा छोटा ड्रायव्हर खरा पॅड बाकी सगळ्यांपासून लपवतो. टाकल्यावर पीसी रीस्टार्ट करा. पहिल्या टॅबमध्ये एक्स३६०सीईची एक्झी परवानगीच्या यादीत घाला, दुसऱ्या टॅबमध्ये तुमच्या पॅडवर टिक, मग लपवण्याची खूण चालू, आणि पॅड एकदा काढून लावा. यादीत एक्झी घालायची राहिली तर दुभाष्यालाच पॅड दिसत नाही आणि सगळंच ठप्प.

महिन्या-दोन महिन्यांनी याच घरातून हाक येते. एक्स३६०सीई काढून टाकलेलं असतं, हायडहाइड राहिलेलं असतं. पॅड लावला की आवाज येतो, दिवा लागतो, पण एकाही गेमला तो दिसत नाही. शेजारच्या काकूंनी तर तेवढ्यावर नवा पॅड आणला आणि त्यांच्या नातवाने जुना मला ‘सुट्या भागांसाठी’ म्हणून दिला. हायडहाइडची टिक काढल्यावर तोच पॅड त्याला परत दिला. तेव्हा काढायचं असेल तर आधी हायडहाइडची टिक काढा, मग बाकीचं.

८. आपोआप सरकणं

कोरा करकरीत पॅडसुद्धा नेमका शून्यावर बसत नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टनेच डाव्या स्टिकसाठी ३२७६७ पैकी ७८४९ पर्यंतची हालचाल दुर्लक्षित करायची शिफारस केलेली आहे, जवळपास पाव भाग. जुन्या पॅडवर इम्युलेटरमध्ये डेडझोन, म्हणजे हा दुर्लक्षित भाग, थोडा थोडा वाढवत जा, खेळाडू जागेवर थांबला की पुरे. एक तृतीयांशाच्या पुढे न्यावा लागला तर स्टिक झिजली आहे. डेडझोन वाढवून फक्त निशाणा बिघडतो.

व्हायब्रेशन

जुन्या पॅडच्या मोटारी हलवायला पॅडबरोबर आलेल्या सीडीवरचा ड्रायव्हर लागतो. तो बहुतेक वेळा ६४ बिट विंडोजच्या डिजिटल सहीच्या नियमात (ड्रायव्हर कोणी बनवला याची खूण) बसत नाही. मग कोणीतरी सांगतं की सही तपासणं बंद करा, मेमरी इंटिग्रिटी (विंडोजची एक सुरक्षा सोय) बंद करा. करू नका. थरथर मिळावी म्हणून ज्या पीसीवर बँकेचं काम होतं त्याचं कुलूप काढून ठेवण्यात काही शहाणपण नाही.

पॅड उघडण्याआधी, आणि कुठे थांबायचं

वॉरंटी संपलेली असेल आणि पॅड वायरवाला असेल तर मागचे स्क्रू काढून आत बघायला हरकत नाही. यूएसबी आधी काढा. मुंबईच्या पावसाळ्यात खिडकीशेजारी ठेवलेल्या पॅडच्या आत बोर्डावर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो, तो तांब्याचा गंज. रबराच्या बटणांखाली काळ्या गोल ठिकऱ्या असतात, त्या बोर्डाच्या नक्षीवर टेकल्या की बटण लागतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन दोन्ही हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या. काळी ठिकरी घासू नका, तिचा थरच निघून येतो. घरात असलेलं सेंट किंवा सॅनिटायझर वापरू नका, त्यात बाकीचं बरंच असतं.

घरगुती काम इथे संपलं. यापुढे दुरुस्ती करणाऱ्याकडे जायचं, आणि पुढच्या गोष्टी दिसल्या तर तपासत न बसता लगेच:

- पॅड लावला की विंडोज यूएसबीवर जास्त वीज खेचली जातेय असं सांगतं, किंवा पॅड, वायर, पोर्ट गरम लागतं. पुन्हा लावून बघू नका, मदरबोर्डचं पोर्ट जाईल.
- वायरलेस पॅडचं पोट फुगलंय. ती बॅटरी आहे. चार्ज करू नका, दाबू नका.
- ड्रायव्हर टाकल्यापासून निळी स्क्रीन येतेय. सेफ मोडमधून तो ड्रायव्हर काढता येत नसेल तर पीसीवाल्याला बोलवा. पॅडवाल्याचं काम नाही.
- स्टिक झिजली आहे किंवा वायर मुळाशी तुटली आहे आणि तुम्ही सोल्डरिंग कधी केलेलं नाही. स्टिकच्या पोटेंशियोमीटरला (स्टिक किती सरकली ते मोजणारा भाग) बऱ्याच पायांचं डीसोल्डरिंग लागतं, बोर्डाची पट्टी उचलली गेली की पॅड खरोखरच मरतो.

दुरुस्तीसाठी ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडला जा. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात. ‘पॅड चालत नाही’ म्हणू नका. ‘डावी स्टिक सरकतेय, पोटेंशियोमीटर बदलून हवा’ किंवा ‘वायर मुळाशी तुटली आहे, बदला’ असं सांगा आणि आकडा आधी ठरवा. वायर बदलणं किरकोळ काम. स्टिकचा खर्च नव्या पॅडच्या निम्म्याच्या वर सांगितला तर नवा घ्या, पॅडशी काही जुनी माया असेल तर गोष्ट वेगळी.

नवा घेताना खोक्यावरचं ‘सगळ्या गेमला चालतो’ वाचून पैसे देऊ नका. दुकानातल्या पीसीला लावायला सांगा आणि तीच जॉय डॉट सीपीएलची खिडकी उघडायला लावा. नाव ‘कंट्रोलर’पासून सुरू झालं तर घ्या. दुकानदार ‘घरी जाऊन बघा साहेब, बदलून देतो’ म्हणाला तर समोरच्या दुकानात जा.